रागमालेतलं चित्र पाहताना तोच राग ऐकला, तर चित्र जास्त कळतं का?

रागमाला म्हणजे राग आणि रागिणी (रागांच्या पत्नी मानलेल्या) यांच्या चित्रांचा संच. त्यातलं तोडी रागिणीचं चित्र समोर ठेवून तोडी ऐकली, पण दोन्हींचा मेळ बसेना, असं तुम्ही लिहिलंय. तो बसायलाच हवा असं नाही. चित्रकाराने स्वर रंगवलेले नाहीत, रागाचं ध्यान रंगवलंय. म्हणजे राग हा कुणी देव, नायक किंवा नायिका आहे असं मानून त्याच्या रूपाचं श्लोकात केलेलं वर्णन. पुष्कळ चित्रांच्या माथ्यावर तो श्लोक लिहिलेलाही असतो.

आसावरी रागिणीचंच बघा. मलय पर्वताचं शिखर, मोरपिसांचं वस्त्र, गळ्यात गजमोत्यांचा हार, आणि चंदनाच्या झाडावरचा साप ओढून त्याचं केलेलं कडं. एवढं सगळं श्लोकातच आहे. हे माहीत असलं की चित्रात नजर आपोआप सापांकडे जाते: एक खोडाला वेटोळं घालून, दुसरा आसावरीच्या हाताशी. अंगावर शहारा आणणारं आणि तरीही विलक्षण शांत असं चित्र मला दुसरं माहीत नाही.

शिवाय नाव तेच राहतं आणि स्वर बदलतात. कर्नाटक संगीतातली तोडी आजही आपल्या हिंदुस्थानी भैरवीच्या स्वरांत गातात. मग चारशे वर्षांपूर्वीच्या, वीणा घेतलेल्या आणि हरणांनी वेढलेल्या त्या तोडीचे स्वर कुठले, हे चित्र कसं सांगणार? चित्रकारही बहुतेकदा गाणं ऐकून नव्हे, तर आधीच्या चित्रांच्या खाक्यावरून काम करत. 1591 साली बनारसजवळ चुनारला रंगवलेल्या रागमालेतल्या मांडण्या राजस्थानातल्या बुंदीच्या चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या गिरवल्या.

सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिणी अशी छत्तीस चित्रांची मांडणी सर्रास आढळते. हिमालयाच्या पायथ्याकडच्या पहाडी चित्रांत रागपुत्र, म्हणजे रागांचे मुलगेही येतात आणि संख्या चौऱ्याऐंशीवर जाते. या वंशावळीत सुरुवातीला अडकू नका.

वेळ आणि ऋतू मात्र अजूनही जुळतात. मेघ पावसाचा, हिंदोल वसंतातल्या झोक्याचा. आणि ललत! ध्यानातला ललित, म्हणजे हाच ललत, सातविणीच्या फुलांची माळ घालून पहाटे शयनगृहातून बाहेर पडतो. चित्रात मागे पलंगावर नायिका गाढ झोपलेली असते. ललत आपण आजही पहाटेच गातो. त्यातले दोन मध्यम (शुद्ध आणि तीव्र म) लागोपाठ लागतात तेव्हा, निदान मला तरी, उंबरठ्यावर घुटमळणारा तो नायक दिसतो. तुमचा प्रयोग तोडीऐवजी ललतवर करा, तोही उजाडायच्या आत, आणि आधी श्लोक वाचून.