वाचकांचे प्रश्न : रंगाआधी वाऱ्याचं बघा

प्रश्न : दोन सीटची, वरून उघडी किट कार (सुटे भाग जोडून केलेली गाडी) बांधतोय. चौकोनी पाइपची चेसिस, पुढे १.३ लिटरचं इंजिन, नाक आणि बॉनेट एफआरपीचं (फायबरग्लासचं). गाडी उभी असताना फॅन लागला की टेम्परेचर उतरतं, पण शेतातल्या रस्त्यावर ६० च्या वेगात चढत जातं. गरम हवा निघावी म्हणून बॉनेटला काचेच्या अगदी पुढे खाचा पाडल्या. फरक शून्य. आता आणखी पाडू का? रंग पुढच्या आठवड्यात ठरलाय.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आणखी पाडू नका आणि रंगही लांबवा. आहेत त्या खाचाच चुकीच्या जागी आहेत. वारा काचेवर येऊन अडतो, म्हणून काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो. केबिनमध्ये ताजी हवा घ्यायला कंपन्या हीच जागा वापरतात. तुमच्या खाचांतून गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची आत शिरतेय, बॉनेटखाली दाब साठतोय आणि रेडिएटरमधून हवा सरकेनाशी झालीय. फॅनवर थंड, वेगात गरम, हे लक्षण दिसलं की थर्मोस्टॅट बदलण्याआधी हवेची वाट तपासायची.

सुरुवात रेडिएटरच्या कडेपासून करा. नाकाचं तोंड आणि रेडिएटर यांच्यामध्ये फट असेल तर हवा कोअरमधून (रेडिएटरच्या जाळीतून) कशाला जाईल? ती बाजूने निसटते. १ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा बोगदा करून चारही बाजू बंद करा आणि कडेला फोमची पट्टी लावा. फट नीट बंद असेल तर नाकाचं तोंड कोअरच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पुरतं. बाहेर पडायची वाट मात्र आत यायच्या तोंडापेक्षा मोठी हवी, कारण गरम हवा फुगलेली असते. ही वाट रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेट नाकावरून वळतं त्या पुढच्या भागात, नाहीतर पुढच्या चाकामागच्या बाजूच्या पत्र्यात ठेवा. बॉनेटवरच्या भोकाच्या पुढच्या कडेला १०-१५ मिमीची उभी पट्टी दिली तर ओढ वाढते.

जागा अंदाजाने ठरवायची गरज नाही. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, फळीवर यू आकारात बसवा आणि निळीचे दोन थेंब टाकून अर्धी पाण्याने भरा. एक टोक बॉनेटखाली सोडा. दुसरं, जिथे भोक पाडायचा विचार आहे तिथे वरच्या पृष्ठभागाशी सपाट चिकटवा. त्याचं तोंड वाऱ्याकडे आलं तर आकडा खोटा येतो. फळी गाडीच्या रुंदीला समांतर धरा, म्हणजे ब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटरने पाणी हलणार नाही. वरच्या टोकाच्या नळीत पाणी चढलं तर बाहेर दाब कमी आहे आणि हवा आपणहून निघेल. उतरलं तर ती जागा सोडा. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवरच्या बेळगाव भागात ६० किमी वेगाला समोरून अडणाऱ्या वाऱ्याचा पूर्ण दाब जेमतेम १५-१६ मिमी पाण्याएवढा असतो, त्यामुळे ५ मिमीचा फरकही भरपूर समजा. आकडा शेजारी बसलेल्याने वाचायचा, चालवणाऱ्याने नाही.

सोबत बॉनेटवर लोकरीचे ७-८ सेंमीचे तुकडे दहा-दहा सेंमीवर मास्किंग टेपने चिकटवा आणि बाजूच्या गाडीतून मोबाइलवर शूटिंग करा. धागा सरळ मागे लोळला तर वारा चिकटून जातोय. गिरकी घेत असेल तर तिथे वारा सुटलाय.

जुन्या खाचा बुजवताना नुसती पुट्टी भरली तर इंजिनच्या उष्णतेने तडकणारच. कडा पी-४० च्या जाड्या पॉलिश पेपरने उतरत्या घासा, आतून चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या फायबरग्लास मॅटचे तीन थर चढवा, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन सेंमी मोठा. रेझिन मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट, एमईकेपी (रेझिन घट्ट करणारा हार्डनर) रेझिनच्या दीड टक्क्याच्या आसपास. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं, एमईकेपी नंतर.

प्रश्न : एफआरपीच्या नाकावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला. काही ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढी भोकं आली, काही ठिकाणी रंग सरकून गोल खड्डे पडले. पेंटर म्हणतो, प्राइमर जाड मारू.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : हे दोन वेगळे रोग आहेत आणि जाड प्राइमर दोन्हींवर औषध नाही.

गोल खड्डे म्हणजे खाली वॅक्स किंवा सिलिकॉन आहे. मोल्डमधून सुटण्यासाठी लावलेलं वॅक्स नगावर येतं. आधी पॉलिश पेपर मारून मग पुसलं तर ते ओरखड्यांत जाऊन बसतं. क्रम उलटा हवा. साबणपाण्याने धुवा, मग वॅक्स रिमूव्हर एका फडक्याने लावा, सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला, त्यानंतरच पेपर. त्याच शेडमध्ये कोणी डॅशबोर्ड पॉलिशचा स्प्रे मारत असेल तर त्याला आधी बाहेर काढा. कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेलही हेच करतं.

टाचणीची भोकं म्हणजे जेलकोटमधले (एफआरपीच्या वरच्या गुळगुळीत थरातले) हवेचे बुडबुडे. प्राइमर त्यांच्यावर नुसता पडदा धरतो आणि आतली हवा उन्हात फुगली की तो फुटतो. प्रत्येक भोक चाकूच्या टोकाने उघडं करा, हवा मारा, फाइन पुट्टी ब्लेडने उभी-आडवी दाबून भरा. पुट्टी कोरडीच घासायची. ती पाणी पिते आणि ते पाणी महिनाभराने फोड होऊन वर येतं. त्यावर टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) प्राइमरचे दोन-तीन हात द्या. प्राइमर वाळल्यावर काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा करून लाकडी ठोकळ्यावर पी-४०० ने घासा. काळं जिथे उरेल तिथे खड्डा आहे. तो भरल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पीयूचा हार्डनर पाण्याशी रिअ‍ॅक्ट होऊन बुडबुडे करतो, म्हणून जून ते सप्टेंबर उघड्या शेडमध्ये हे काम नकोच. गणपतीच्या आधी गाडी हवी असं सगळ्यांनाच वाटतं, पण पाऊस कोणाचं ऐकत नाही. हिवाळ्यातही निपाणी-चिकोडी पट्ट्यात साखर कारखान्यांची काजळी ओल्या रंगावर बसते. गाळप संपल्यावर आणि वळीव सुरू व्हायच्या आत सकाळी मारा. ऊन तापलं असेल तर स्लो थिनर घ्या. गनचं नोझल रंगाला १.३ किंवा १.४ मिमी. तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणारे बरेच दिसतात. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा लागू शकतो. निदान ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा मास्क घ्या आणि तीही वेळेवर बदला.

प्रश्न : घरी बांधलेल्या गाडीला डोनर गाडीचं (जिचे भाग वापरले तिचं) आरसी लावून रस्त्यावर काढता येईल का?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ गाडीच्या तपशिलांत असा बदल चालत नाही. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एका गाडीसाठी तो खर्च परवडत नाही. शेत, खासगी आवार किंवा ट्रॅक, एवढंच. वरच्या चाचण्याही तिथेच.

प्रश्न : कॉलेजच्या स्पर्धेच्या गाडीला मागे पत्र्याचा विंग (वाऱ्याने गाडीला खाली दाबणारी आडवी पट्टी) बसवू का?
– एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : आधी हिशेब करा. १.२ मीटर लांब, २५ सेंमी रुंद विंग म्हणजे ०.३ चौरस मीटर. लिफ्टचा गुणांक (विंगचा आकार किती जोर देतो तो आकडा) १ धरला तरी ६० किमी वेगाला खाली दाब मिळतो सुमारे ४.७ किलो. पत्र्याचा विंग आणि त्याचे स्टँड मिळून वजन जवळपास तेवढंच होईल. विंग मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असला तर पुढची चाकं हलकी होऊन वळणावर गाडी सरळ ओढते. वेग दुप्पट झाला की हाच दाब चौपट होतो, पण तुमच्या ट्रॅकवर तेवढा वेग येतो का, ते आधी मोजा. येत नसेल तर तेच पैसे टायरवर घाला.