पहिल्या महायुद्धातल्या मराठा अधिकाऱ्यांचे फोटो बेळगावात जमवतोय. अस्सल कसे ओळखायचे?

आधी भिंगाखाली बघा. छापील ठिपके दिसले तर तो पुस्तकातून कापलेला कागद, फोटो नव्हे. तिरक्या उजेडात काळ्या भागावर चंदेरी झाक दिसली तर जुनेपणाची चांगली खूण. मग खांद्यावरचा आकडा वाचा. 103, 105, 110, 114, 116, 117 या मराठा पलटणी 1922 मध्ये पाचव्या मराठा रेजिमेंटमध्ये एकत्र आल्या, म्हणजे गणवेश त्याआधीचा. 110 वी तर इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकलेली पलटण!

गोऱ्या कॅप्टनच्या महागड्या फोटोंमागे धावू नका. आपले सुभेदार-जमादार, म्हणजे पलटणीतले हिंदी अधिकारी, खानापूर, बेळगावकडच्या माजघरांत अजून भिंतीवर आहेत, ओल खात. ते विकत मागू नका, स्कॅन करून परत द्या. घरच्यांना विचारून नाव-गाव मागे मऊ पेन्सिलीने लिहा. लॅमिनेशन मात्र मुळीच नको.