टर्बो दिसला पाहिजे!

१९७३ साली आलेल्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोच्या पुढच्या स्पॉयलरवर ‘टर्बो’ ही अक्षरं उलटी रंगवलेली असत. पुढच्या गाडीवाल्याला ती आरशात सुलट दिसावीत आणि त्याने मुकाट्याने बाजू द्यावी, हा हेतू. म्हणजे टर्बो, अर्थात इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंप, मिरवण्याची हौस जुनीच आहे. या वेळच्या पत्रांत मात्र अक्षरांवर कोणाचं समाधान नाही, सगळ्यांना टर्बोच दाखवायचा आहे.

प्रश्न: माझ्या पेट्रोल गाडीत कंपनीचाच टर्बो आहे, पण प्लास्टिक कव्हरखाली दडलेला. कव्हर काढून सगळा टर्बो आरशासारखा चमकवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ‘सगळा’ हा शब्द आधी खोडा. टर्बोला दोन बाजू असतात आणि दोघींचे स्वभाव वेगळे. कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा दाबणारी, बाजू ॲल्युमिनियमची. तिथून निघणारी हवा साधारण १०० ते १५० अंश सेल्सिअसला असते. टर्बाइनची, म्हणजे धुराने फिरणारी, बाजू बिडाची किंवा उष्णतारोधक स्टीलची. पेट्रोल इंजिनात तिच्यात शिरणारा वायू ९०० अंशांच्याही वर जातो. पहिली बाजू चमकवता येते. दुसरीवर कितीही घासलंत तरी पहिल्याच लांब चढानंतर ती करडी-तांबूस होऊन बसेल.

कॉम्प्रेसरचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, टर्बोवर असतानाच घासू नका. पॉलिश पेपरचा एक कण आत गेला आणि मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणाऱ्या चाकावर आदळला, की पात्याची कड खल्लास. हाउसिंग सोडवण्यापूर्वी ते आणि त्यामागची प्लेट यांवर आडवी रेघ ओढून ठेवा, म्हणजे परत बसवताना कोन चुकणार नाही. वेस्टगेटचा (टर्बाइनला वळसा घालून जादा धूर सोडणाऱ्या झडपेचा) ॲक्च्युएटर, म्हणजे ती झडप हलवणारी डबी, बहुतेक वेळा याच हाउसिंगवर असतो. त्याच्या दांडीवरच्या नटाची जागा रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवा. तो नट एक-दोन फेरे इकडेतिकडे झाला तरी बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, बदलतो. हाउसिंग सरळ उचला, तिरकं ओढू नका, पाती वाकतात. उघड्या चाकावर लगेच स्वच्छ पिशवी बांधा.

ओतकामाची शिवण आधी कानशीने काढा. मग १८०, २४०, ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरचे पेपर, शेवटचे तीन साबणाच्या पाण्यात भिजवून. प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदला आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे सरकू नका. घाई इथेच होते. ८०० वर दिसलेला १८० चा ओरखडा काढायला पुन्हा २४० पासून सुरुवात करावी लागते. शेवटी सुती बफ, आधी तपकिरी आणि नंतर पांढरी पॉलिशची वडी. आतल्या गोलाईला, म्हणजे चाक जिथे फिरतं तिथे, हात लावायचा नाही. चाक आणि भिंत यांत मिलिमीटरचा काही अंशच फट असते आणि ती वाढली की बूस्ट गळतो. शेवटी गरम साबणपाण्याने धुऊन हवेने फुंकून घ्या. ॲक्च्युएटरच्या होजचं बारीक भोक विसरू नका, पॉलिशचा मेण तिथेच अडकतो.

दर काही महिन्यांनी घासायचा कंटाळा असेल तर पावडर कोटिंग करा. ते भट्टीत साधारण २०० अंशांना पक्कं होतं, त्यामुळे थंड बाजूला चालतं. फक्त जोडाच्या सपाट्या आणि सर्क्लिपची (हाउसिंग धरून ठेवणाऱ्या कडीची) खाच आधी टेपने झाकून घ्या. कोटिंगचा थर तिथे आला तर हाउसिंग नीट बसत नाही. गरम बाजूला सिरॅमिक कोटिंगच करा. टर्बाइनचं हाउसिंगही त्यासाठी सुटं करून द्यायचं. जोडलेला टर्बो सँडब्लास्टिंगला देणं म्हणजे बेअरिंगमध्ये वाळू भरणं.

प्रश्न: कंपनीची हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढली तर टर्बो छान दिसतो. ती काढून ठेवली तर चालेल का?

उत्तर: नाही. लाल होण्याच्या बेतात असलेलं बीड आजूबाजूला उष्णता फेकत असतं, आणि तापमान वाढत जाईल तसा तो मारा फार झपाट्याने वाढतो. टर्बो इंजिनामागे असेल तर ब्रेक ऑइलची डबी बऱ्याचदा जवळच असते. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पण पाणी शोषल्यावर मानकाप्रमाणे १५५ पर्यंत खाली आलेला चालतो. ऑइल उकळून ब्रेकचं पेडल अचानक तळाला जाण्याचं कारण शोधताना बिचारी शील्ड कोणाच्या लक्षात येत नाही. त्याआधी वायरिंगचं आवरण कडक होऊन तडकतं, ते वेगळंच.

शील्ड ठेवा, पण देखणी करा. ०.५ ते ०.८ मिमी जाडीच्या स्टेनलेस पत्र्याची नवी शील्ड घडवा, टर्बोपासून १० ते १५ मिमी अंतर ठेवा, आणि वरच्या बाजूला फक्त हाउसिंगची गोलाई दिसेल एवढाच कट मारा. वायरी, होज आणि ब्रेकच्या दिशेची बाजू बंदच राहू द्या. स्टेनलेस तापताना सोनेरी, मग जांभळट, मग निळं होतं. तो रंग कुठल्याही पेंटपेक्षा सुंदर दिसतो. त्यासाठी बसवण्यापूर्वी पत्रा ॲसिटोनने पुसा आणि नंतर हातमोज्यांशिवाय धरू नका. बोटाचा ठसा पहिल्याच तापण्यात भाजून निघतो आणि कायमचा तिथेच राहतो. गाड्यांच्या प्रत्येक मेळ्यात अशी बोटं उमटलेली एक तरी शील्ड दिसते.

प्रश्न: बॉनेट न उघडता टर्बो दिसावा म्हणून त्यात खिडकी पाडून ॲक्रिलिक बसवायचं आहे. किती जाडीचं घेऊ?

उत्तर: जाडीने काही साधत नाही. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि टर्बोच्या थेट वर, गाडी बंद केल्यानंतरच्या दहा मिनिटांत, तेवढी उष्णता सहज साचते. पॉलिकार्बोनेट जरा पुढे जातं, १४० च्या सुमारास तेही ढिलं पडतं, आणि रोज १२० च्या वर ठेवलं तर फार टिकत नाही. ३ ते ४ मिमी पॉलिकार्बोनेट घ्यायचं तर टर्बाइनपासून किमान हातभर दूर, खाली शील्ड, आणि चारही कडांना हवा जायला फट. स्क्रूची भोकं दोन मिमी मोठी ठेवा, नाहीतर प्रसरणाने कोपऱ्यांतून तडे जातात.

नुसतं उघडं भोक पाडायचं असेल तर जागेचा विचार करा. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. तिथल्या भोकातून गरम हवा बाहेर पडायच्या ऐवजी वारा आत शिरतो. शिवाय केबिनची हवा तिथूनच घेतली जाते. टर्बोची गॅस्केट किंचित जरी गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत येतो, आणि त्याला वास नसतो. त्यामुळे भोक बॉनेटच्या पुढच्या भागात घ्या. खालचा सांगाडा, लॉक आणि बिजागरं यांच्या पट्ट्या कापू नका. वरचा पत्रा नुसतं कातडं आहे, ताकद आतल्या सांगाड्यात असते. अपघातात बॉनेट उचलणारी यंत्रणा गाडीत असेल तर कापाकापीचा विषयच सोडा. पावसासाठी भोकाखाली उतार असलेली तबकडी आणि तिला निचऱ्याची नळी द्या, म्हणजे तापलेल्या बिडावर गार पाणी पडणार नाही आणि एअर फिल्टरही भिजणार नाही.

टर्बो बॉनेटच्या वर काढण्याबद्दलही दोघांनी विचारलं आहे. फोटोत झकास दिसतो. रस्त्यावर समोर आलेल्या माणसाच्या डोक्याला तो काय करेल याचा विचार करा. नोंदणी आणि विम्याच्या अटी त्यानंतर येतात, पण येतातच.

प्रश्न: टर्बो खालून काढून इंजिनाच्या वर पुढे आणला. दिसतो मस्त, पण आता निळा धूर येतो. टर्बो गेला का?

उत्तर: बहुधा नाही, तेलाची परतीची नळी चुकली आहे. टर्बोत तेल दाबाने जातं, पण बाहेर पडतं ते फेसाळलेलं आणि केवळ गुरुत्वाकर्षणाने. नळी बारीक, आडवी किंवा झोळ पडलेली असेल तर तेल बेअरिंगच्या घरात साचतं आणि सीलमधून टर्बाइनकडे सरकतं. ही सील दाब अडवणारी रबरी सील नसते, पिस्टन रिंगसारखी असते; तुंबलेलं तेल तिला थोपवता येत नाही. नवा टर्बो बसवूनही धूर तसाच राहतो, तो यामुळे.

नळीचा आतला व्यास १६ ते १९ मिमी ठेवा, सतत उतार द्या, कुठेही ‘यू’ नको. तेल सोडणारं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांहून जास्त कललेलं नको. हाउसिंगचे बोल्ट ढिले करून मधला भाग फिरवता येतो. संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, नळी तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर पुरवठ्याच्या नळीत साधारण १ मिमी भोकाचं रिस्ट्रिक्टर, म्हणजे तेलाचा प्रवाह कमी करणारा तुकडा, लागतं. हे सगळं बरोबर असूनही धूर राहिला तर क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली हवा सोडणारी नळी, तुंबला आहे का ते बघा. खाली दाब वाढला की तेल उतरत नाही.

वर नेलेल्या टर्बोची आणखी दोन दुखणी. पाण्याने थंड होणारा असेल तर तो आता कूलंटच्या एक्स्पान्शन टाकीपेक्षा उंच झाला असेल, आणि तिथे हवा अडकते. टाकी वर उचला आणि टर्बोतून निघणारी नळी सतत चढती ठेवा. दुसरं, मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून टर्बोकडे धूर नेणारे नळ. ३०० मिमी लांबीचा स्टेनलेस नळ ७०० अंशांनी तापला की जवळपास ४ मिमी वाढतो. टर्बोचं वजन पेलायला ब्रॅकेट द्यायलाच हवं, पण ते दोन्ही टोकांना जाम आवळलंत तर वेल्डजवळ तडा ठरलेला. ब्रॅकेटला लांबट भोक ठेवा.

पहिल्यांदा सुरू करताना टर्बोत थोडं तेल ओता, इंधन पंपाचा फ्यूज काढा आणि परतीच्या नळीतून तेल येईपर्यंत स्टार्टर थोडाथोडा मारा.

प्रश्न: लाल सिलिकॉन होज लावले, दोनदा निसटले.

उत्तर: पाइपाच्या टोकाला उंचवटा नसेल, किंवा होज चढवताना तेल लावलं असेल. उंचवटा वेल्डने उठवून घ्या, दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने पुसा, कोरडेच चढवा आणि टी-बोल्ट क्लॅम्प उंचवट्याच्या आतल्या, म्हणजे टोकापासून दूरच्या, बाजूला बसवा. होज तेलाने सुजलेला असेल तर फेकून द्या. साधं सिलिकॉन तेलाची वाफ सोसत नाही, तिथे फ्लोरोसिलिकॉन अस्तराचाच लागतो.

प्रश्न: डिझेल गाडीला ‘फिस्स’ आवाजासाठी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावावा का?

उत्तर: नको. पेट्रोल गाडीत थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार, मिटल्यावर कोंडलेली हवा सोडायला तो असतो. डिझेलमध्ये पाय काढल्यावर तसं दार बंद होत नाही. लावलात तर ते फक्त गळतीचं भोक. पेट्रोल गाडीतही एअर-फ्लो सेन्सर असेल तर हवा बाहेर सोडू नका, परत इनटेकमध्ये वळवा. सेन्सरने मोजलेली हवा बाहेर गेली तर हवा-इंधनाचं मिश्रण दाट होतं आणि गिअर बदलताना इंजिन गचके खातं.

प्रश्न: रात्री टर्बो लालबुंद झालेला मित्रांना दाखवायचा आहे. उभ्या गाडीत रेस करत राहिलं तर होईल का?

उत्तर: अंधारात बीड साधारण ५५० अंशांपासून अंधुक लाल दिसू लागतं, पण त्याला इंजिनावर भार लागतो. उभ्या गाडीत नुसत्या रेसने तिथवर पोचायला बराच वेळ जाईल, तोवर वाऱ्याअभावी बॉनेटखालचं प्लास्टिक आणि होज भाजून निघतील. हौस भागवायला लाल एलईडी पट्टी पुरे. ती थंड बाजूला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) वरच्या कडेला लावा, म्हणजे उजेड टर्बोवर पडेल आणि पट्टी दिसणार नाही. वायर सिलिकॉन आवरणाची, फ्यूज बॅटरीच्या टोकापाशी, आणि वायरचा एकही वळसा टर्बाइनवरून नेऊ नका.