अमेरिकेत कंपनीकडे स्वतःचा ट्रक लीजवर लावलाय, फायद्याचे रूट कसे शोधू?

नुसत्या जाण्याच्या भावाला भुलू नका, येणं-जाणं मिळून हिशेब धरा. समजा अटलांटा ते मायामी ६६० मैल, मैलाला ३ डॉलर. झकास! पण फ्लोरिडात माल उतरतो जास्त, भरतो कमी. परतीला १ डॉलर, वर १५० मैल रिकामी गाडी. म्हणजे १,४७० मैलांचे २,६४० डॉलर, मैलाला जेमतेम १.८०. त्यातूनच डिझेल, हप्ता, कंपनीचा वाटा. एप्रिल-मेमध्ये भाजीपाला निघतो तेव्हा मात्र परतीचा भाव चढतो, रीफर (थंड पेटीचा ट्रक) असेल तर विशेष.

लोडबोर्डवरचे (मालाच्या फेऱ्या जाहीर होतात ती वेबसाइट) आकडे अंदाजापुरते. तुम्ही कंपनीच्या परवान्यावर चालता, म्हणून डिस्पॅचरलाच (फेऱ्या ठरवून देणारा कंपनीचा माणूस) विचारा, कायमची गिऱ्हाइकं दोन्ही टोकांना कुठे आहेत. आणि भाड्याच्या टक्केवारीवर पैसे मिळत असतील तर भाड्याच्या बिलाची प्रत मागाच. ती देणं केंद्रीय नियमाने कंपनीवर बंधनकारक आहे.