वतन, गोठण आणि बाल्फोरचं पत्र

एका भाषांतरकार वाचकाने विचारलं आहे: "१९१७च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंसाठी पॅलेस्टाइनमध्ये 'नॅशनल होम' उभारायला ब्रिटिश सरकारने पाठिंबा दिला. मराठीत त्याला 'राष्ट्रीय घर' म्हणावं की 'मातृभूमी'? मी 'वतन' लिहिलं होतं, पण संपादक म्हणतात तो हिंदी शब्द आहे."

संपादकांना सांगा, वतन हिंदी नाही. देशमुखीचं वतन, पाटीलकीचं वतन, महारवतन: जुने महजर आणि निवाडपत्रं या शब्दाने भरलेली आहेत. आज्ञापत्रकारांनी वतनदारांना राज्याचे दायाद म्हटलं, म्हणजे वाटा मागणारे भाऊबंद. वतनापायी पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटली, ती मराठीत फुटली. शब्द अरबीतून आला म्हणून त्याला बाहेर काढायला निघालेल्या भाषाशुद्धीवाल्यांशी माझं कधी जमलं नाही. हक्क, वारस, मिरास, कब्जा, रयत, सगळेच अरबी. हे काढले तर जमिनीचा एक तंटासुद्धा मराठीत सांगता येणार नाही.

आता खरी गंमत. अरबीत या धातूचा अर्थ राहणं, ठाण मांडून वस्ती करणं. आणि जुन्या अरबी कोशांत वतनाचा एक अर्थ दिला आहे: शेळ्यामेंढ्या, गुरं जिथे येऊन बसतात ती जागा. म्हणजे चक्क आपली गोठण! हे वाचलं तेव्हा आमच्या गावची गोठण डोळ्यांपुढे उभी राहिली. वडाखाली दुपारी रवंथ करत बसलेली गुरं, शेणामुताने काळी पडलेली माती, मधल्या दगडावर बसलेला राखणा. ती जागा कुणाच्या सातबाऱ्यावर आहे हे कुणी कधी विचारलं नाही. गुरं बसतात म्हणून ती गावाची.

तर या शब्दाला दोन टोकं आहेत. एका टोकाला बसायची जागा, तिला कागद लागत नाही. दुसऱ्या टोकाला मराठीने जपलेला अर्थ: शिक्क्यानिशी कागदावर मिळालेला, वंशपरंपरेचा हक्क. माझं ठाम मत आहे की अरब आणि ज्यू शेजाऱ्यांचं आधुनिक भांडण याच दोन टोकांमध्ये सुरू झालं. बातम्यांत रोज ऐकू येणारं "हजारो वर्षांचं हाडवैर" ऐकलं की माझा संताप होतो. बगदादचे ज्यू घरात अरबी बोलत आणि तीच अरबी हिब्रू लिपीत लिहीत. त्याला हाडवैर म्हणायचं?

पॅलेस्टाइनवर तेव्हा ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं. भांडणाचा माग काढायचा तर त्यांच्या १८५८च्या जमीन कायद्यापाशी जावं लागतं. जमीन नावावर नोंदवा, असं फर्मान निघालं. कर वाढेल, पोरांना फौजेत नेतील, या भीतीने पुष्कळ शेतकऱ्यांनी नोंद केलीच नाही, किंवा गावच्या-शहरच्या बड्या धेंडांच्या नावावर होऊ दिली. कसणारा तोच राहिला, मालक बदलला. कुळांची गाऱ्हाणी ज्यांनी घरात ऐकली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. बैरुतच्या सुरसूक घराण्याकडे उत्तर पॅलेस्टाइनमधल्या मर्ज इब्न आमिर खोऱ्यातली गावंच्या गावं गेली. १९१०च्या सुमारास त्यातलं अल-फूला विकलं गेलं, तेव्हा नाझरेथचा ऑटोमन अधिकारी शुक्री अल-असली आडवा आला. तरी व्यवहार झाला, कुळं उठली आणि १९११मध्ये तिथे मेरहाविया ही ज्यू वसाहत उभी राहिली. विकत घेणाऱ्यांनी रीतसर पैसे मोजले होते, आणि त्यांतले कित्येक रशियातल्या दंगलींतून जीव वाचवून आलेल्यांपैकी होते. पण उठलेल्या कुळाची गोठण गेली, तिचे पैसे त्याला कुणी दिले नव्हते.

त्याही आधीचं, १८८६चं उदाहरण तर थेट गुरांचंच आहे. पेताह तिकवा या ज्यू वसाहतीच्या शेतात शेजारच्या अरब गावाची खेचरं चरताना सापडली. वसाहतवाल्यांनी ती कोंडून ठेवली, आपल्याकडे कोंडवाड्यात घालतात तशी. दुसऱ्या दिवशी गाव चालून आलं, घरांची मोडतोड झाली, काही जण जखमी झाले आणि एक वृद्ध ज्यू बाई नंतर दगावली. त्या अरब गावाचं नाव काय होतं? यहुदिया!

आता बाल्फोरचं पत्र, म्हणजे तोच जाहीरनामा; ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरने तो पत्ररूपाने दिला होता. तो 'होम' मुळात जर्मनमधून आलेला. १८९७ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या झायनवादी, म्हणजे ज्यूंसाठी पॅलेस्टाइनमध्ये हक्काचं ठिकाण मागणाऱ्यांच्या, परिषदेने 'हाइमश्टेटे' असा शब्द ठरावात घातला. 'राज्य' म्हटलं तर तुर्क बिथरतील म्हणून तो सुचवल्याचं झायनवादी नेता माक्स नोर्डाऊने पुढे सांगितलं. हिब्रूत त्याचं 'बायित' झालं, म्हणजे घर. अरबीत मात्र 'वतन कौमी' झालं. ज्यूने वाचलं घर, अरबाने वाचलं वतन. आणि तेच पत्र नव्वद टक्के रहिवाशांचा उल्लेख 'ज्यूंखेरीज इतर समाज' एवढाच करतं. १९२२च्या खानेसुमारीत ७,५७,१८२ लोकांपैकी ज्यू होते ८४ हजारांच्या आत.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या (वेस्ट बँकमधल्या) इस्रायली वसाहतींना अरबीत 'मुस्तौतना' म्हणतात. धातू तोच, वतनाचा. हिब्रूत त्यांना 'हितनाहलुत' म्हणतात, तो येतो 'नाहला'वरून, म्हणजे वडिलोपार्जित जमीन, आपली मिरास. एकाच टेकडीवरच्या एकाच वस्तीला एकाच्या तोंडी वतन, दुसऱ्याच्या तोंडी मिरास. आपल्या निवाडपत्रांत हे दोन शब्द शेजारी शेजारी बसतात.

मूळ प्रश्न राहिलाच. 'मातृभूमी' नको, हिब्रूत जन्मभूमीला 'मोलेदेत' हा वेगळा शब्द आहे, आपल्या 'औलाद'चा सगोत्र, आणि जाहीरनाम्यात तो नाही. 'राष्ट्रीय वतन' बिनधास्त लिहा. फक्त त्याआधीचं 'एक' गाळू नका. मराठीत ते सहज गळतं, पण 'पॅलेस्टाइनमध्ये एक वतन' म्हणजे अख्खं पॅलेस्टाइन नव्हे, हा खुलासा १९२२मध्ये चर्चिलच्या श्वेतपत्रिकेला करावा लागला होता.