‘उत्क्रांत झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न दोन भागांत आला आहे. ‘एखादी व्यक्ती उत्क्रांत झाली असं म्हणता येतं का? आणि जेनेटिक ड्रिफ्टला जनुकीय विचलन म्हणावं की जनुकीय अपवाह?’

(जेनेटिक ड्रिफ्ट म्हणजे समूहातल्या जनुकांच्या रूपांचं प्रमाण निवडीशिवाय, नुसत्या योगायोगाने बदलत जाणं.) पहिल्याचं उत्तर: नाही, म्हणता येत नाही. पण हल्ली कोण काय उत्क्रांत करील याचा नेम नाही. फलंदाज दोन मालिकांत उत्क्रांत होतो, कवीची शैली होते, पुढाऱ्याची मतं होतात, फोनचा कॅमेरा तर दरवर्षी होतो. यातल्या एकालाही जीवशास्त्र उत्क्रांती म्हणणार नाही. संस्कृताचं तर विचारूच नका, कारण तिथे उत्क्रान्त म्हणजे गेलेला. कुठे गेलेला? जिथून कोणी परत येऊन सांगत नाही तिथे.

‘हळूहळू होत गेलेला बदल’ वगैरे अर्थ कोणत्याही कोशात मिळतील, त्यात वेळ घालवत नाही. थेट धातूकडे जाऊ. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं. त्याला नाम घडवणारा क्तिन् प्रत्यय लागला की आधीचा स्वर दीर्घ होतो आणि म् चा न् होतो, जसं शम् वरून शान्ति, भ्रम् वरून भ्रान्ति, तसं क्रम् वरून क्रान्ति. सूर्याने एका राशीतून दुसरीत पाऊल टाकलं की संक्रांती. प्राणाने देहाबाहेर पाऊल टाकलं की उत्क्रांती. प्रश्नोपनिषदाच्या सहाव्या प्रश्नात तो पुरुष स्वतःशीच विचार करतो, ‘कस्मिन्नहमुत्क्रान्त उत्क्रान्तो भविष्यामि’. कोण बाहेर पडला म्हणजे मीही बाहेर पडलो असं होईल? मग तो प्राण निर्माण करतो. तेव्हा ‘आमचे संचालक गेल्या दहा वर्षांत खूप उत्क्रांत झाले’ असं कुणी कौतुकाने म्हणालं की मी मनातल्या मनात दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो.

यावर एक पक्ष हटकून सांगतो की उत् म्हणजे वर, म्हणून उत्क्रांती म्हणजे वरच्या दिशेने वाटचाल, उन्नतीच जणू. उत् चा अर्थ ‘वर’ होतो हे कबूल. पण तो ‘बाहेर’ही होतो, आणि तितकाच सर्रास. उत्खनन, उच्छ्वास, उत्सर्जन. उत्सर्जनात कोणाची उन्नती होते ते या मंडळींनी एकदा सांगावंच. त्यांच्या या एका उपसर्गापायी शाळाशाळांतून माकडापासून माणसापर्यंतची ती जिन्यासारखी रांग लागली. जिना मुळात नाहीच. गुहेतल्या अंधारात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माशांचे डोळे गेले, तीही उत्क्रांतीच. देवमाशाच्या पूर्वजांचे मागचे पाय गेले, तीही. वर जाण्याचा यात कुठे संबंध आला?

दुसरा पक्ष म्हणतो, वादच नको, हिंदीसारखं ‘विकास’ म्हणा. हे तर आगीतून फुफाट्यात. विकास म्हणजे उमलणं. कमळ विकसित होतं तेव्हा पाकळ्या कळीत आधीच असतात. गंमत अशी की मूळ युरोपीय शब्दातही नेमकी हीच खोट आहे. एवोल्यूशन येतो लॅटिन एवॉल्वेरेपासून, म्हणजे गुंडाळी उलगडणं. रोमन वक्ता सिसेरोने ‘कवींचं एवोलुतिओ’ म्हटलंय ते त्यांच्या पोथ्या उलगडून वाचण्याला. अठराव्या शतकात हालर या शरीरशास्त्रज्ञाने हा शब्द गर्भाच्या वाढीला लावला, आणि तोही या समजुतीने की जीव आधीच घडलेला असतो, फक्त उलगडतो. जे लिहून ठेवलंय तेच उघडतं, नवीन काही घडत नाही. डार्विनच्या सिद्धान्ताच्या हे बरोबर उलटं. त्याच्या १८५९ च्या पुस्तकात हे नाम नाही. अगदी शेवटचा शब्द तेवढा त्याच धातूचं क्रियापद आहे. नाम आलं १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत, तोवर शब्द लोकांच्या तोंडी रुळून गेला होता.

बाकीच्या भाषांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. तेलुगू आणि मल्याळम ‘परिणाम’कडे गेल्या, बंगालीने ‘विवर्तन’ घेतलं. वेदान्तात परिणाम म्हणजे खरा बदल, दुधाचं दही. विवर्त म्हणजे नुसता भास, दोरीचा साप. बंगाली जीवशास्त्रज्ञांना सृष्टीतला बदल भासमान वाटत असेल असं मला वाटत नाही, पण शब्द तसा पडला खरा. गुजराती मात्र आपल्याबरोबर ‘उत्क्रांति’च म्हणते.

आता माझा आवडता मुद्दा. माझ्या मते ‘उत्क्रांती’ हा शब्द एवोल्यूशनपेक्षा सरस आहे, आणि तो त्याच्या जुन्या, प्राण जाण्याच्या अर्थामुळेच. ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात एकोणिसावं सूत्र आहे, ‘उत्क्रान्तिगत्यागतीनाम्’. निघणं, जाणं, येणं. वाद चाललाय जीवाच्या, म्हणजे देहातल्या आत्म्याच्या, आकारमानाचा. युक्तिवाद असा की श्रुती जीवाचं निघणं, जाणं, येणं सांगते, आणि जे सगळीकडे पसरलेलंच आहे ते निघणार कुठून आणि येणार कुठे? तेव्हा जीव अणूएवढा असला पाहिजे. शंकराचार्य याला पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं मत, ठरवून खोडून काढतात, रामानुजाचार्यांच्या लेखी तोच सिद्धान्त.

हा वाद बाजूला ठेवून १८६७ सालात या. फ्लीमिंग जेंकिन नावाच्या अभियंत्याने डार्विनला अडचणीत आणलं. आईबापांचे गुण अपत्यात दोन रंगांसारखे मिसळत असतील, तर एखाद्यात उपजलेला नवा गुण दोनचार पिढ्यांत पातळ होऊन नाहीसा होईल, मग निसर्गाने निवड करायची कशाची? डार्विनकडे याला पटेल असं उत्तर नव्हतं. उत्तर आदल्याच वर्षी वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलच्या निबंधात छापलं गेलं होतं आणि १९०० पर्यंत जवळपास कोणाच्या लक्षात आलं नाही. वारसा पातळ होत नाही, कारण तो कणांचा असतो. जनुक एका देहातून अख्खा निघतो आणि दुसऱ्यात अख्खा शिरतो. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३० मध्ये हिशेब मांडून दाखवला की गुण मिसळत असते तर वैविध्य दर पिढीला सुमारे निम्मं झालं असतं. कण असल्यामुळे ते टिकतं. निघायचं, जायचं, यायचं तर अणूच असावं लागतं! सूत्रातला युक्तिवाद जसाच्या तसा. देह पडतो, प्रत निघते, स्थलांतर करणाऱ्यांबरोबर एका समूहातून जाते, दुसऱ्या समूहात येते. जनुकप्रवाह शिकवताना याहून नेटकी त्रयी मला तरी सापडलेली नाही.

लगेच ‘बघा, आपल्याकडे सगळं होतंच’ म्हणून उड्या मारू नयेत. सूत्रकारांना वाटाण्याची रोपं मोजायची नव्हती. मी शब्दाबद्दल बोलतोय. एवढं मात्र माझं ठाम मत आहे की ज्या कोणी हा शब्द एवोल्यूशनसाठी निवडला त्याच्या कानात हे सूत्र घुमत असणार. भाषेचे काही जाणकार म्हणतात, छे, क्रांती शब्द हाताशी होता, त्याला एक उपसर्ग चिकटवला, संपलं. बरं. मग बावीस उपसर्गांतून उत् च का? याला त्यांचं उत्तर ‘योगायोग’. योगायोग म्हणणं म्हणजे कोश मिटून झोपायला जाणं.

हं, तर व्यक्ती. व्यक्ती उत्क्रांत होत नाही, कारण उत्क्रांती म्हणजे समूहातल्या जनुकांच्या वेगवेगळ्या रूपांचं प्रमाण पिढ्यांमधून बदलणं. प्रमाण समूहाला असतं, एकट्याला नसतं. १९०८ मध्ये हार्डी या गणितज्ञाने आणि वाइनबर्ग या डॉक्टरने, एकमेकांना ठाऊक नसताना, दाखवून दिलं की निवड नाही, उत्परिवर्तन (म्हणजे जनुकात होणारा नवा बदल) नाही, ये-जा नाही, जोड्या मनास येतील तशा जुळतात आणि समूह अफाट मोठा आहे, तर ही प्रमाणं पिढ्यानपिढ्या तशीच राहतात. एखादं रूप प्रभावी आहे, म्हणजे जोडीतल्या दुसऱ्या रूपाला झाकून स्वतःचा गुण दाखवतं, म्हणून ते पसरत नाही. (‘प्रभावी’ हा आणखी एक फसवा शब्द. हार्डीला लेखणी उचलावी लागली ती नेमक्या याच गैरसमजापायी.) प्रमाण हललं की उत्क्रांती, मग ते कुठल्याही दिशेला हलो.

याच कारणाने ‘जंतू औषधाला सरावले’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सरावतो तो एकटा जीव, सवयीने. इथे सरावलं कोणीच नाही. ज्यांच्यावर औषध चाललं ते मेले, ज्यांच्यात आधीच वेगळं उत्परिवर्तन होतं ते उरले आणि त्यांचीच प्रजा वाढली. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये जिवाणूंना मारणारे विषाणू घेऊन दाखवलं की तग धरू देणारी उत्परिवर्तनं विषाणूशी गाठ पडायच्या आधीच होऊन गेलेली असतात. ‘जंतूंमध्ये औषधाला दाद न देणारे वाढले’ म्हणा. चार शब्द जास्त गेले तर जाऊ द्या.

फलंदाजाचं काय म्हणाल? सुधारला, मुरला, तयार झाला. मराठीत एवढी क्रियापदं असताना त्याची उत्क्रांती कशाला करता?

विचलन की अपवाह हे राहिलंच. दोन्ही मला पसंत नाहीत. विचलन म्हणजे ठरल्या वाटेवरून ढळणं, आणि इथे ठरलेली वाटच नाही. शिवाय सांख्यिकीने प्रमाण विचलनासाठी तो शब्द आधीच अडवून ठेवलाय. अपवाहात पाणी उताराकडे जातं, आणि इथे उतारही नाही. पीटर बुरी या संशोधकाने फळमाश्यांचे १०७ समूह पाळले आणि निष्कर्ष १९५६ मध्ये छापले. सुरुवातीला प्रत्येकात डोळ्यांच्या रंगाच्या एका जनुकाची दोन रूपं निम्मी-निम्मी होती, आणि दर पिढीला तो आठ नर, आठ माद्या न निवडता उचलायचा. एकोणिसाव्या पिढीपर्यंत ३० समूहांतून एक रूप पार नाहीसं झालं होतं आणि २८ समूहांत तेच एकटं उरलं होतं. सुरुवात तीच, रीत तीच, आणि कोणी या टोकाला तर कोणी त्या टोकाला. याला मराठीत भरकटणं म्हणतात. ‘जनुकीय भरकट’ म्हणा. परिभाषा समित्यांना हा शब्द गावंढळ वाटेल याची मला खात्री आहे, तेव्हा परीक्षेत मात्र ‘विचलन’च लिहा.