वाचकांचे प्रश्न : प्रात्यक्षिकाचे तास कशाने भरतात?

या वेळच्या टपालात बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करणाऱ्यांची पत्रं बरीच होती. माझ्या वर्गात छात्रशिक्षिका कायम येत असतात, आणि त्यांच्या अडचणी मला जवळून ठाऊक आहेत. म्हणून आजचं सदर त्यांच्यासाठीच ठेवलं आहे.

प्रश्न : ताई, मी प्रात्यक्षिकासाठी बालवाडीत जाते. माझ्या मैत्रिणींना पहिल्या दिवसापासून गाणी-गोष्टी घ्यायला मिळाल्या. मला मात्र बाईंनी कोपऱ्यात बसवून निरीक्षणं लिहायला सांगितलं आहे. लिहिलेली वहीसुद्धा ‘हे निरीक्षण नाही’ असा शेरा मारून परत येते. तास भरायचे आहेत आणि ते असे वाया चालले आहेत. काय करू?
— पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : तुझे तास वाया जात नाहीयेत. तुला चांगल्या बाई मिळाल्या आहेत, हे आधी सांगते.

तासांचं ओझं सगळीकडेच असतं, पण आकडे पाहिलेस तर गंमत वाटेल. ऑस्ट्रेलियात या क्षेत्रातल्या ‘सर्टिफिकेट थ्री’ या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाला किमान १६० तास प्रत्यक्ष काम लागतं आणि डिप्लोमाला २८०. अमेरिकेतल्या ‘सीडीए’ या प्रमाणपत्रासाठी मुलांबरोबरच्या कामाचे ४८० तास मागतात. इंग्लंडमध्ये ‘टी लेव्हल’ हा व्यावसायिक अभ्यासक्रम करून बालशिक्षिका व्हायचं तर ७५० तास. काम तेच, मुलं त्याच वयाची, आणि आकड्यांत एवढी तफावत! तेव्हा नुसता आकडा फारसं काही सांगत नाही. त्या तासांत तू मुलांकडे कशी पाहिलीस, आणि तुझ्याकडे कोणी जाणत्या नजरेने पाहिलं का, हे महत्त्वाचं. तुझ्या बाई दोन्ही करताहेत.

आता वहीबद्दल. तू पाठवलेल्या पानावर लिहिलं आहेस, ‘क हा हट्टी मुलगा आहे. तो इतरांच्या वस्तू हिसकावतो.’ हा निकाल झाला. मुलाने काय केलं ते यात कुठेच दिसत नाही. तोच प्रसंग असा लिहून बघ :

‘१०:२०. क वाळूच्या हौदाशी बसला. शेजारच्या मुलीचं फावडं ओढलं. ती “नको” म्हणाली. त्याने फावडं सोडलं. हाताने वाळू उचलून तिच्या बादलीत टाकली, तिच्याकडे बघितलं, पुन्हा टाकली. तिने फावडं पुढे केलं. दोघांनी आळीपाळीने बादली भरली. १०:२६.’

हट्टी मुलगा कुठे गेला? त्याला खेळात शिरायचं होतं आणि मागायला शब्द सापडत नव्हते. ओढून जमलं नाही, तेव्हा त्याने दुसरी वाट स्वतःच शोधली. तीन वर्षांच्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे. ‘हट्टी’ हा एक शब्द लिहिलास की ती वहीतून नाहीशी होते, आणि उद्या त्याच्याशी कसं वागायचं हेही त्याच शब्दाने ठरून जातं.

एक सराव सांगते. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने मिनेसोटातल्या बालवाडीत मुक्तखेळाच्या वेळी मुलांचं निरीक्षण केलं. एका वेळी एकाच मुलाकडे एक मिनिट पाहायचं, नोंद करायची, मग पुढचं मूल. असं वेगवेगळ्या दिवशी, पुन्हा पुन्हा. त्या मिनिटामिनिटांच्या नोंदींतून तिने १९३२ साली मांडलेली वर्गवारी तू पाठ्यपुस्तकात वाचली असशीलच : एकट्याने खेळणं, दुसऱ्यांचा खेळ बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिळून खेळणं. तूही तेच कर. एक मूल निवड, एक मिनिट बघ, आणि फक्त डोळ्यांना दिसलेलं आणि कानांना ऐकू आलेलं लिही. तुला काय वाटतं ते समासात, वेगळ्या शाईने. दोन रकाने वेगळे राहिले की तुझं तुलाच कळेल, आपण कुठे घाई करतो ते.

आणि वेळा बदलत जा. सगळ्या विद्यार्थिनी मुक्तखेळच टिपतात. मला विचारशील तर सकाळी पालकाचा हात सुटतो ती वेळ, आणि एक खेळ संपून दुसरा सुरू होण्याआधीची गडबड, या दोन वेळा सर्वांत बोलक्या. तिथे मूल काय करतं ते टिपशील, तर पुढे तुझी गाणी-गोष्टी कधी आणि कुणासाठी घ्यायची ते तुझं तुला उमगेल. पाठाचं टाचण त्या नोंदींवरून लिही. ‘क’साठी उद्या हौदात दोघांनी मिळूनच उचलावी लागेल अशी मोठी बादली ठेवलीस आणि ‘तुझं झालं की मला दे’ हे वाक्य त्याच्या कानावर दोनतीनदा घातलंस, तर ते टाचण खरं. बाई नक्की सही करतील.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून एका बालवाडीत नोकरी करते आणि आता अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. नोकरीचे तास प्रात्यक्षिकात धरतात का?
— एक नोकरदार विद्यार्थिनी

उत्तर : काही ठिकाणी धरतात. वर सांगितलेल्या सीडीएला पगारी आणि विनावेतन, दोन्ही काम चालतं. पण तुमच्या संस्थेचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून प्रवेश विभागाकडून उत्तर लेखी घ्या आणि काम सुरू होण्याआधी घ्या. सगळे तास नोकरीच्याच वर्गात काढू नका, एवढी माझी विनंती. तुम्ही चार-पाच वर्षांच्या मुलांना शिकवत असाल तर काही दिवस तान्ह्या मुलांच्या खोलीत जा. आपल्या वर्गात आपण सवयीने बरंच काही बघायचं सोडून देतो.

प्रश्न : केंद्रातल्या एक शिक्षिका गैरहजर असल्या की मला एकटीला मुलांवर सोडतात. मुलांना स्वच्छतागृहात नेण्याचं कामही माझ्याकडेच. ‘नाही’ म्हणायची भीती वाटते, कारण तासांच्या तक्त्यावर सही त्यांचीच लागते.
— नाव छापू नये

उत्तर : हे पत्र वाचून मला फार काळजी वाटली. तू शिकायला गेली आहेस, रिकामी जागा भरायला नाही. मुलांमागे किती मोठी माणसं हवीत याचे नियम मुलांच्या जिवासाठी असतात. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक, इंग्लंडमध्ये तीन मुलांमागे एक. इंग्लंडच्या नियमांत दीर्घ काळासाठी आलेल्या विद्यार्थ्याला या हिशेबात धरायची मुभा आहे, पण तो जबाबदार आहे आणि त्याला काम जमतं अशी केंद्राची खात्री पटली तरच. सोय म्हणून कुणालाही उभं करायचं, असं नियम म्हणत नाहीत.

उद्या शांतपणे एवढंच म्हण : ‘मला एकटीने मुलं सांभाळायची परवानगी संस्थेने दिलेली नाही. कुणीतरी खोलीत येईपर्यंत मी थांबते.’ त्या वेळी मुलांना टाकून बाहेर मात्र जाऊ नकोस. कुणाला तरी हाक मार, माणूस येऊ दे. मुलाला स्वच्छतागृहात न्यायचंच झालं तर मोठ्या माणसाला सांगून, दार उघडं ठेवून. यात मुलाचीही सुरक्षितता आहे आणि तुझीही.

आणि आजच तुझ्या पर्यवेक्षिकेला लिही. तारीख, वेळ, खोलीत किती मुलं होती, कोण नव्हतं. तक्रारीचा सूर नको, वहीतल्या निरीक्षणासारखं लिही. सहीची भीती मला समजते. म्हणूनच तासांच्या तक्त्यावर सही रोजच्या रोज घेत जा, शेवटी एकदम नको. केंद्र बदलायची वेळ आली तरी झालेले तास हातात राहतील.

प्रश्न : दोन वर्षांची एक मुलगी माझ्याशिवाय कुणाकडे जात नाही. माझं प्रात्यक्षिक पुढच्या आठवड्यात संपतंय. शेवटच्या दिवशी तिच्या नकळत निघून जावं, असं सगळे सुचवताहेत.
— शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : कृपा करून नकळत जाऊ नकोस. तू दिसेनाशी झालीस की पुढे वर्गशिक्षिका पाणी प्यायला उठली तरी ती रडेल. आजपासून तिच्या आवडीच्या खेळात वर्गशिक्षिकेला बरोबर घे आणि हळूहळू तू मागे सर. जाण्याच्या आदल्या दिवशी ‘उद्या मी जाणार’ आणि जायच्या दिवशी सकाळी ‘आज मी जाणार, उद्या बाई असतील’ असं साध्या शब्दांत सांग. ती रडली तर रडू दे, वर्गशिक्षिकेने तिला जवळ घ्यावं. तिच्या पालकांनाही आधी कळव.

प्रश्न : मुलांचे फोटो निरीक्षण वहीत लावले तर चालतील का?

उत्तर : पालकांची लेखी संमती आणि केंद्राची परवानगी, दोन्ही असेल तरच. तेव्हाही शक्यतो हात आणि काम दिसेल असे, चेहरा नको. स्वतःच्या फोनवर काढू नयेत, केंद्राच्या कॅमेऱ्यावर काढावेत. वहीत खरी नावं लिहू नयेत, क-ख-ग पुरे. आणि वही बसमध्ये उघडून बसू नये.